एकांतात सिद्ध

मृदुला केळुसकरचं प्रमेय खोलीत एकच माणूस असला की खरं असायचं, आणि दुसरं कुणी आलं की खोटं व्हायचं.

प्रमेय तसं साधं होतं. एका विशिष्ट जातीच्या अनंत श्रेणीत कितीही पदं मिळवत गेलं तरी बेरीज एकच्या पुढं जात नाही, एवढंच त्याचं म्हणणं. सिद्धता सात पायऱ्यांची. कुणी आत आलं की कागदावरची शाई तीच राहायची, अक्षरही तेच. फक्त चौथ्या पायरीवरून पाचवीवर जाता यायचं नाही. तिथं जे पद उणे असायला हवं ते अधिक निघायचं आणि बेरीज एक ओलांडून किंचित पुढं सरकायची. आलेला माणूस निघून गेला की सगळं पुन्हा जागच्या जागी.

हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते तिचे मार्गदर्शक डॉ. रेगे यांच्यामुळं. रेगे सर त्या वेळी नुसते प्राध्यापक होते आणि त्यांच्यापाशी वेळ असे. मृदुला सिद्धता घेऊन त्यांच्याकडं जायची, दोघं टेबलाशी बसायची आणि चौथ्या पायरीवर अडकायची. सर म्हणायचे, जा, परत बघ. ती खोलीवर येऊन बघायची तर सगळं बरोबर. परत सरांकडं जायची तर चूक. महिनाभर असं चाललं. मग एक दिवस ती बाटलीत पाणी भरून आणायला गेली आणि परत येऊन बघते तर सर कागद हातात धरून हसत होते. म्हणाले, अगं सुटलंय की. ती शेजारी येऊन बसली आणि सरांचं हसू मावळलं.

त्यांनी तिला बाहेर उभं राहायला सांगितलं. मग आत बोलावलं. मग पुन्हा बाहेर. शेवटी त्यांनी डब्यातलं अर्धं थालीपीठ तिला दिलं, उरलेलं अर्धं स्वतः खाल्लं आणि म्हणाले, "समितीला कळवावं लागेल."

संशोधन समितीनं विषय गांभीर्यानं घेतला. प्रबंध मौलिक असावा असं नियमांत होतं. प्रमेय सर्व काळ खरं असावं असं कुठंही म्हटलेलं नव्हतं. संख्याशास्त्राचे विभागप्रमुख म्हणाले, आमच्याकडं शंभरात पाच वेळा चुकलं तरी आम्ही चालवून घेतो, यात एवढं बिचकण्यासारखं काय आहे. कुणीतरी जनावरांचं विचारलं. म्हणून विभागाच्या आवारातल्या मांजरीला खोलीत ठेवून प्रयोग करायचं ठरलं, पण मांजर थांबली नाही, त्यामुळं त्या बाबतीत निष्कर्ष निघाला नाही. अखेर प्रमेय एकांतात सिद्ध असल्याचं इतिवृत्तात नोंदवून त्याला मान्यता देण्यात आली आणि मृदुलाला ग्रंथालयामागची एक खोली मिळाली. पूर्वी तिथं मोडके पृथ्वीगोल ठेवत. किल्ली देताना शैक्षणिक विभागातल्या बोंगाळेबाईंनी विचारलं, "तुमचं प्रमेय पूर्णवेळ आहे की अर्धवेळ?"

"पूर्णवेळ," मृदुला म्हणाली. "फक्त सोबत चालत नाही त्याला."

बाईंनी तसं लिहून घेतलं.

वसतिगृहात मृदुलाच्या खोलीत नसीम मुजावर राहायची. ती मिरजेची, संख्याशास्त्रात पीएच.डी. करणारी. लोक सर्वेक्षणात काही प्रश्नांची उत्तरं कोरी का सोडतात, हा तिचा विषय. दोघी दोन वर्षं एकत्र राहिल्या होत्या. वसतिगृहात मनाई असलेल्या शेगडीवर चोरून शिरा करायच्या, एकमेकींच्या मार्गदर्शकांच्या नकला करायच्या आणि एकीला ताप आला की दुसरी लेक्चर बुडवायची. पण ग्रंथालयामागची खोली संध्याकाळी बंद होई आणि मृदुलाला काम तर करायचं असे.

नसीमनं फार समजूतदारपणे घेतलं. ती म्हणाली, मी बोलणार नाही, भिंतीकडं तोंड करून बसेन. तसं करून पाहिलं; चौथी पायरी अडली. मग ती झोपून राहिली. झोपलेली नसीमही चालेना. उशीत डोकं खुपसून, एक हात पलंगाखाली सोडून ती झोपली होती. मृदुलानं बराच वेळ कागदाऐवजी त्या हाताकडंच बघितलं. त्या आठवड्यात नसीमनं वरच्या मजल्यावर खोली बदलून घेतली. गादी नेताना तिनं शेगडी ठेवून जाऊ का विचारलं. मृदुला म्हणाली, ने, मला एकटीला कशाला.

पुढं पुढं असं दिसायला लागलं, की कुणाशी बोलून आल्यावर प्रमेय लगेच खरं होत नाही. गप्पा लांबल्या तर ते सबंध दुपार खोटं राहायचं. म्हणून मृदुला मेसमध्ये गर्दी व्हायच्या आधी जेवायला लागली. नसीम काही दिवस दोन ताटं घेऊन थांबली, मग थांबायची बंद झाली. वाटेत कुणी भेटलं तर मृदुला नुसती मान हलवायची. लोकांनाही सवय झाली. कामही झपाट्यानं पुढं गेलं. एकापाठोपाठ एक उपप्रमेयं सुटली. प्रत्येक वेळी काहीतरी सुटलं की ती खुर्चीवरून उठून उभी राहायची, कुणालातरी सांगायला म्हणून दारापर्यंत जायची, आणि दाराशी तिला आठवायचं की सांगायला कुणाला आणलं तर ते सुटलेलं राहणार नाही. मग ती परत येऊन बसायची.

एकदा वेंगुर्ल्याहून आई आली, आठ दिवस राहायचं म्हणून. सोबत सोलं, कुळथाचं पीठ आणि एक फणस. मृदुलानं तिला सगळं नीट समजावून सांगितलं आणि ग्रंथालयामागच्या व्हरांड्यात स्टूल दिलं. आई एक दिवस बसली. दुसऱ्या दिवशी तिनं दार ढकललं आणि उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "मी काय तुझां गणित खातंय गो?"

मृदुला म्हणाली, खात नाहीस, पण बघ, हे बघ, इथं बेरीज पुढं गेली. आईनं कागद बघितला. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. पण मुलगी बोट ठेवून दाखवतेय म्हटल्यावर तिनं बराच वेळ बघितला. मग ती दोन दिवसांत परत गेली. फणस कापायचा राहिला होता. तो वसतिगृहाच्या मावशींनी नेला.

प्रबंध लिहून झाला तोवर रेगे सर अधिष्ठाता झाले होते. त्यांच्या दाराबाहेर आता बाक होतं आणि बाकावर नेहमी माणसं असायची. मृदुलाचा प्रबंध त्यांनी न वाचताच सही करून पुढं पाठवला. त्यात दुर्लक्ष होतं असं नाही. विश्वास होता असं ते म्हणाले.

प्रबंध दोन बाहेरच्या परीक्षकांकडं गेला. सोबत सूचना होती, की कृपया एकटे असताना वाचावा. नागपूरच्या डॉ. सोनटक्के यांचं घर भरलेलं. प्रत्येक खोलीत कुणी ना कुणी, स्वयंपाकघरात तिघी. शेवटी ते गाडीत जाऊन बसले, काचा वर केल्या आणि घामाघूम होऊन त्यांनी सिद्धता पडताळली. ती बरोबर होती, पण त्यांचं समाधान झालं नाही. त्यांनी लिहिलं, की व्हायवाच्या वेळी फळ्यावर चौथ्या पायरीवरून पाचवीवर जाता आलं नाही तर मला शिफारस करता येणार नाही. दुसरे परीक्षक अंबाजोगाईचे निवृत्त प्राध्यापक दिगंबर पिंगे. त्यांचा अहवाल आठवड्याच्या आत आला. सिद्धता निर्दोष आहे, वाचताना कोणतीही अडचण आली नाही, एवढंच त्यात होतं.

व्हायवा खुल्या सभागृहात होतो, तसा नियम आहे. मृदुलानं सवलत मागितली. कुलसचिव कार्यालयानं उत्तर दिलं, की प्रमेय त्या वेळी खरं असणं विद्यापीठाला आवश्यक वाटत नाही, परंतु उमेदवारानं आणि परीक्षकांनी हजर असणं आवश्यक आहे.

आता तिच्या हातात एकच गोष्ट होती. खोलीत माणसं जितकी कमी तितकी चूक लहान, हे तिनं पूर्वीच पाहून ठेवलेलं होतं. चूक पुरेशी लहान असली तर सोनटक्के सर कदाचित मान्य करतील. म्हणून जी माणसं तिच्या सांगण्यानं येणं टाळतील, त्यांना तिनं सांगितलं. आईनं नवी साडी काढून ठेवली होती. तिला फोनवर नको म्हटलं. नसीमची पदवी आधीच झाली होती आणि ती सोलापूरला नोकरीला होती. तिनं रजा टाकली होती. म्हणाली, मी शेवटच्या रांगेत बसते, खांबामागं. मृदुला म्हणाली, नको. मग नसीम म्हणाली, "बरं," आणि तिनं फोन ठेवला.

व्हायवाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. विभागानं एम.एस्सी.च्या मुलांना हजेरी सक्तीची केली होती. चाळीसेक माणसं असावीत. मृदुला व्यासपीठावर उभी राहिली आणि तिला वाटलं, इतकी वर्षं वाया गेली.

तिनं पहिल्या तीन पायऱ्या फळ्यावर लिहिल्या. चौथी लिहिली. मग तिचा हात थांबला, आणि नुसता शिरस्ता म्हणून तिनं ते पद काढलं. ते उणे आलं.

तिनं पुन्हा काढलं. उणेच. ती पाचवीवर गेली. सहावी, सातवी. बेरीज एकच्या पुढं गेली नाही.

ती वळली. पहिल्या रांगेत रेगे सर मांडीवर फायली घेऊन सह्या करत होते आणि शिपाई एकेक फाईल बदलत होता. विभागप्रमुख नाश्त्याच्या खोक्यांकडं बघून बोटानं मोजत होते. मुलं मोबाइलमध्ये होती. एकमेकांच्या शेजारी बसून प्रत्येक जण आपल्या मोबाइलमध्ये. सोनटक्के सरांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. त्यांनी चष्मा लावून फळा बघितला, पुन्हा एकदा करून दाखवायला सांगितलं, ते पुन्हा बरोबर आलं, आणि ते म्हणाले की माझी काही हरकत नाही. पिंगे सर तेवढे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सरळ फळ्याकडं बघत होते. त्यांनी प्रश्न विचारला नाही.

अध्यक्षांनी पदवीची शिफारस जाहीर केली. टाळ्या झाल्या. रेगे सर उठताना म्हणाले, "बघ, सुटलं ना," आणि पुढच्या बैठकीला गेले.

नाश्त्याच्या वेळी पिंगे सर कागदी ताटली घेऊन तिच्याजवळ आले. उंच, किंचित वाकलेले, शर्टाचं वरचं बटण वेगळ्याच रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं. त्यांनी विचारलं, "घरचं कुणी आलं नाही?"

"मीच नको म्हटलं."

"बरोबर केलंत," ते म्हणाले. त्यांनी वेफरचा एक तुकडा खाल्ला. मग म्हणाले, "म्हणजे, पदवीच्या दृष्टीनं."

तिनं आईला फोन करून सांगितलं. आईला आनंद झाला. तिनं देवापुढं साखर ठेवली आणि मग, किती माणसं होती गो, असं विचारलं. मृदुला चाळीस म्हणाली. आई म्हणाली, "मगे माझांच तेवढां ओझां होतां?" मग स्वतःच म्हणाली, जेवून घे.

त्यानंतर प्रमेय सगळीकडं खरं राहायला लागलं. मृदुलाला बार्शीच्या एका महाविद्यालयात नोकरी लागली. स्टाफरूममध्ये बाराजण चहा पीत असताना ते खरं असायचं. ऐंशी मुलांच्या वर्गात खरं असायचं. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात, पंगतीत बसल्या बसल्या, तिनं मनातल्या मनात चौथी पायरी करून पाहिली; तिथंही अडचण आली नाही. दिवाळीत ती वेंगुर्ल्याला गेली. आई चुलीपाशी पातोळ्या करत होती, मृदुला पाटावर बसली होती, दोघींच्या मध्ये हळदीच्या पानांची चळत होती. तिनं दोन बोटांनी राखेत पद मांडून पाहिलं. उणे आलं. आईनं विचारलं, काय करतेस. ती म्हणाली, काही नाही. आईनं पुढं विचारलं नाही. आई आता पूर्वीसारखं पुढचं विचारत नसे.

विद्यापीठाच्या वार्तापत्रात छापून आलं, की डॉ. केळुसकर यांच्या प्रमेयातली एकांताची अट आता काढून टाकण्यात आली असून ते सर्वसाधारण झालं आहे. रेगे सरांच्या कार्यालयातून अभिनंदनाचा निरोप आला.

वार्तापत्र बहुधा पिंगे सरांकडंही गेलं असावं, कारण त्यांचा फोन आला. आधी त्यांनी आपण कोण ते नीट सांगितलं, तिला आठवत नसेल असं धरून. मग म्हणाले, एक शंका होती. माझ्याकडच्या प्रतीत काही छपाईची चूक आहे का, एवढंच विचारायचं होतं.

तिनं विचारलं, काय झालं.

ते म्हणाले, प्रमेय खोटं होत नाही. सर रोज सकाळी पडताळून बघत. भांडी घासायला बाई यायच्या, तेव्हा खरं. शेजारचे गृहस्थ पेपर न्यायला यायचे, तेव्हा खरं. मुलगा पुण्याहून येऊन आठवडाभर राहून गेला, लॅपटॉप घेऊन पुढच्या खोलीत बसायचा, तेव्हाही खरंच. बायको प्रत हाती येण्याआधीच गेलेली, एरवी घरात मी एकटाच म्हणा, पण मला वाटलं होतं, वाक्यात अट आहे म्हटल्यावर कधीतरी खोटं व्हायला हवं.

"प्रतीत चूक नाही सर," मृदुला म्हणाली. "माझ्याकडंही खरंच आहे."

"तुमच्याकडंही?"

"हो."

त्यांच्या बाजूनं कुठंतरी नळ गळत असल्याचा आवाज येत होता. मृदुलाला आपण काय बोलणार आहोत ते बोलून झाल्यावर कळलं. ती म्हणाली, रविवारी मला सुटी असते, मी येऊन बघू का.

पिंगे सरांनी परीक्षकासारखा विचार केला. "तुम्ही आलात तर ते खोटं होण्याची शक्यता आहे," ते म्हणाले. "नाकारता येत नाही."

"नाही नाकारता येत."

"तुमच्या पदवीचं काय होईल?"

"दिलेली पदवी परत घेत नाहीत बहुतेक. मी विचारलेलं नाही."

"नकाच विचारू," ते म्हणाले. "या मग. चहा लागतो ना तुम्हाला?"

रविवारी ती एसटीनं अंबाजोगाईला गेली. पिंगे सर स्टँडवर घ्यायला आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. घरात सगळं जागच्या जागी होतं आणि बरंचसं वापरात नव्हतं. त्यांनी सकाळीच पोहे करून ठेवले होते, ते पार गार झाले होते. मग दोघांनी मिळून ते पुन्हा गरम केले आणि कढईला लागले. सर म्हणाले, हिला हे अजिबात चाललं नसतं, ती लागलेले पोहे गाईला घालायची, आणि आमच्या दारावरून गाय जायचीच नाही, त्यामुळं ती भांडं हातात घेऊन कोपऱ्यापर्यंत गाय शोधायला जायची. मृदुला हसली. आपलं हसणं तिला जरा मोठं वाटलं. मग तिनं फणसाचं सांगितलं. नसीमचं सांगितलं. नसीम सोलापूरलाच आहे का अजून, असं सरांनी विचारलं. ती म्हणाली, असेल. ते म्हणाले, सोलापूर बार्शीहून काही लांब नाही. ती म्हणाली, नाही.

दुपार कलल्यावर सरांना आठवलं, की कामाचं राहिलंच. त्यांनी प्रबंध आणला, चष्मा पुसला आणि टेबलाशी बसले. मृदुला शेजारच्या खुर्चीत बसली. त्यांनी पहिली पायरी मोठ्यानं वाचली, मग दुसरी, मग तिसरी. चौथीवर त्यांनी कागद मागितला, पेन्सिल मागितली आणि पद काढलं. मग ते खोडून पुन्हा काढलं. मग कागद तिच्याकडं सरकवला. तिनं काढलं. दोघांचंही पद अधिक आलं.

"इथून पुढं जाता येत नाहीये," पिंगे सर म्हणाले.

"नाही."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. प्रबंध मिटला नाही. तसाच उघडा राहू दिला.

"मग बसा जरा," ते म्हणाले. "शेवटची एसटी आठला आहे."